न दुखणारा पाय : कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एका बाईंचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं गाव, नात्यांचे काही तपशील आणि काळ बदलला आहे. बाईंना इथे फक्त ‘मावशी’ म्हटलं आहे, वॉर्डातही सगळे त्यांना तसंच म्हणायचे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांचे हातपाय शाबूत ठेवणं हे माझं रोजचं काम.

वेदनेला माणसाच्या आयुष्यात काय अर्थ आहे, यावर आपल्याकडे कीर्तना-प्रवचनांतून पुष्कळ ऐकायला मिळतं. प्रारब्ध, भोग, परीक्षा, देवाची आठवण करून देणारं संकट असं बरंच काही. माझ्या कामात हा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. वेदना नाहीशी झाली की माणसाचं काय होतं, हे मी रोज बघते. मावशींच्या प्रकरणात ते इतकं स्पष्ट दिसलं की ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मावशी पन्नाशीच्या. विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात तीन एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी. घरात नवरा, मुलगा, सून, पाचवीतली नात आणि लग्नाची एक मुलगी. घरची शेती उरकली की मावशी दुसऱ्यांकडे निंदणाला, वेचणीला मजुरीने जायच्या. गावातल्या बायांच्या टोळीत त्यांचा हात सगळ्यांत चलाख, हे त्या स्वतःच अभिमानाने सांगायच्या.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीवर आणि मांडीवर चट्टे दिसले. निदान झालं, बहुविध औषधोपचाराचा बारा महिन्यांचा पूर्ण कोर्स त्यांनी घेतला. रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन, डॅप्सोन ही तीन औषधं. जंतू मेले, रोग संपला. त्यांच्यापासून कुणालाही लागण होण्याचा प्रश्न तेव्हाच मिटला होता. पण हा जंतू नसांमध्ये घर करतो, आणि त्या झगड्यात नसेचं जे नुकसान होतं ते औषधाने भरून येतंच असं नाही. मावशींच्या उजव्या पायाची, घोट्याच्या आतल्या बाजूने मागून तळव्याकडे जाणारी नस कायमची गेली होती. तळव्याला स्पर्श कळत नव्हता, चटका कळत नव्हता, टोचलेलं कळत नव्हतं. घामही येत नव्हता, त्यामुळे कातडी कोरडी पडून टाचेला भेगा पडलेल्या.

गावात रोगाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कोर्स चालू असताना घरच्यांनी ‘रक्तात दोष आहे’ असं सांगितलं होतं. हे लपवणं उगाच नव्हतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी तरतूद आपल्या कायद्यांतून २०१९ साली निघाली. तोवर ती कागदोपत्री शाबूत होती. ज्या देशात कायदाच इतकी वर्षं असं म्हणत होता, तिथे लग्नाची मुलगी घरात असलेल्या आईने नाव लपवलं तर तिला बोल कसा लावायचा?

अडचण

आषाढात, निंदणाच्या ऐन दिवसांत, मुलगा त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. दुखतं म्हणून नाही, वास येतो म्हणून. नात जवळ बसायला तयार नव्हती, आणि आजीला तेवढं मात्र सहन झालं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, रुपयाच्या नाण्याएवढा व्रण. कडेने जाड, पांढरा घट्टा. पाय सुजलेला, घोट्यापर्यंत लाल. मी पाय स्टुलावर घेतला आणि बोथट सळईने जखमेची खोली बघायला सुरुवात केली. मावशी तेवढ्यात दाराकडे बघत मुलाला सांगत होत्या की येताना बाजारातून मिरच्या घ्यायच्या आहेत. सळई आत गेली, गेली, आणि हाडाला लागली. तो बारीक ‘टक्’ मला ऐकू आला. मावशींचं मिरच्यांबद्दलचं वाक्य मध्ये तुटलंही नाही.

एक्स-रेमध्ये अंगठ्यामागच्या लांब हाडाचं टोक संसर्गाने खाल्लेलं दिसलं. मधुमेह नव्हता. जखम किती दिवसांची, तर “होळीपासून असन.” म्हणजे निदान तीन-चार महिने.

“मंग इतके दिवस चालत होत्या?”

“दुखतच नाई त थांबू काहून?”

या उत्तरात त्यांचा काही दोष नाही. कुष्ठरोगात बोटं ‘झडतात’, मांस ‘सडतं’ असं अजूनही सर्रास समजलं जातं. तसं होत नाही. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जखमा एकेक करून तपासल्या आणि दाखवून दिलं की मांस मुळात निरोगी असतं. त्याला इजा होते, ती कळत नाही, म्हणून माणूस तिच्यावरच वावरत राहतो आणि मग संसर्ग हाडाला पोचतो. बहुतेक इजा तर खिळ्या-काट्याच्याही नसतात. एकाच जागी वारंवार येणारा चालण्याचा दाब पुरतो.

आपण दूरवर चालतो तेव्हा तळव्याचा एखादा भाग हुळहुळतो आणि आपल्या नकळत पाय जरा वेगळा पडू लागतो. वजन कडेवर जातं, पाऊल आखूड होतं, कधी आपण थोडे लंगडतो. त्याला आपण वेदना म्हणतही नाही. पण दिवसभर अशा शेकडो बारीक कुरबुरी पायाला वाचवत असतात. मावशी कधीच लंगडत नव्हत्या. वॉर्डात त्या ताठ, भरभर चालत आल्या, उघड्या हाडावर पूर्ण वजन टाकून. आमच्या विभागात एखादा रुग्ण लंगडताना दिसला की मला बरं वाटतं, ते यामुळे.

अडचणीची दुसरी बाजू घरात होती. सून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं की जखम दिसत होती, मग सासूबाईंना कामाला का जाऊ दिलं? ती गोंधळली. म्हणाली, “आई कन्हत नाईत ना जी. मले वाटलं साधं हाय.” तिला अंगदुखी झाली की सासू स्वतः तिला पडून राहायला सांगत होती. सासऱ्यांची कंबर धरली की घर चार दिवस त्यांच्याभोवती फिरत होतं. मावशी कण्हत नव्हत्या, चेहरा वाकडा करत नव्हत्या, म्हणून त्यांना कुणी आजारी धरलंच नाही. त्यांनी स्वतःही धरलं नाही. वेदना शरीराला सावध करते हे आम्ही शिकलेलो असतो. ती माणसाला घरात विश्रांतीचा हक्क मिळवून देते, हे मला त्या सुनेच्या एका वाक्यातून कळलं.

तिसरी गोष्ट मावशींनी चौथ्या दिवशी सांगितली, तीही रात्रपाळीच्या सिस्टरला. रात्री गुडघ्याखाली आग होते, करंट मारल्यासारखं होतं, झोप लागत नाही. कित्येक वर्षांपासून. हाड उघडं पडलं तरी न कळणारा पाय, आणि त्याच पायात काहीही कारण नसताना पेटणारी आग. नस खराब झाली की असं होऊ शकतं, ती खोटे संदेश पाठवत राहते. जी वेदना यायला हवी होती ती येत नव्हती. जी येत होती तिचा शरीराला काडीचा उपयोग नव्हता. त्या आगीला मावशींनी पूर्वजन्मीचं पाप मानलं होतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

शल्यविशारदांचं पहिलं मत होतं की अंगठा त्याच्या मागच्या हाडासकट काढून टाकावा. संसर्ग लवकर आटोक्यात येतो, बाई घरी जाते. हा पर्याय चुकीचा नव्हता, पण पायाचा तो भाग गेला की चालण्याचा दाब उरलेल्या बोटांच्या मुळांवर जातो. बधिर पायात पुढचा व्रण तिथे पडण्याची शक्यता वाढते. एकदा कापाकापी सुरू झाली की बरेचदा पायरी-पायरीने वर चढावं लागतं.

दुसरा, दोन-तीन महिने पूर्ण अंथरुणावर ठेवणं. जखमेवर दाब न पडला तर ती भरतेच. पण निंदण चाललेलं असताना एवढे दिवस रुग्णालयात राहायला मावशी तयार होतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

तिसरा, ड्रेसिंग करून एमसीआर चप्पल देऊन घरी पाठवणं. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा थर, दाब सगळ्या तळव्यावर पसरवणारा. जखम होऊ नये म्हणून ही चप्पल उत्तम, पण झालेल्या, हाडापर्यंत पोचलेल्या जखमेला ती पुरत नाही. तरी तालुक्याच्या पातळीवर आजवर त्यांना हेच मिळालं होतं, तेही चपलेशिवाय. मलम आणि पट्टी.

चौथा, संसर्ग आटोक्यात आणून पायाला घट्ट बसणारं चालतं प्लास्टर घालणं. त्यात तळवा, पोटरी सगळीकडे प्लास्टर चिकटून बसतं, वजन वाटलं जातं आणि जखम चालता चालता भरते. धोका असा, की आत काही बिघडलं तर दुखून कळणार नाही. ताप, वास, सूज यांवर नजर ठेवणारं माणूस हवं.

पाचवा पर्याय मावशींच्या मोठ्या दिरांनी आणला. “आनंदवनात ठेवून द्या, तिथी चांगली सोय हाय.” वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी उभं केलेलं आनंदवन या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि घराने टाकलेल्या हजारो माणसांना तिथे मानाने जगता आलं आहे. पण मावशींना घराने टाकलं नव्हतं. दिराचं बोलणं होईपर्यंत त्या कोरड्या होत्या. तो गेल्यावर तोंडावर पदर घेऊन रडल्या. हाडाला सळई लागली तेव्हा न हललेली बाई. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेची व्याख्या वेदनेला शरीराचा आणि भावनेचा अनुभव असं एकत्रच म्हणते, आणि तो दोन्ही अंगांनी येतो हे मी वर्गात शिकले होते. तो इतका फाटून दोन वेगळ्या ठिकाणी गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पहिला निर्णय : कापायचं किती

आम्ही चौथ्या पर्यायावर आलो, थोड्या तडजोडीने. शल्यविशारदांनी फक्त मेलेल्या हाडाचा तुकडा काढला, अंगठा ठेवला. दोन आठवडे वॉर्डात अँटिबायोटिक्स, पाय उंचावर. या दोन आठवड्यांत खरी कसरत मावशींना जागेवर ठेवण्याची होती. सिस्टरची पाठ वळली की त्या शेजारच्या खाटेवरच्या आजींना पाणी द्यायला उठत. आम्ही दटावलं, समजावलं, एक्स-रे दाखवला. काही उपयोग झाला नाही. दुखण्याची जागा उपदेश घेऊ शकत नाही.

ब्रँड यांचाही अनुभव हाच. पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथे त्यांनी बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला होता. हातमोज्यांत, मोज्यांत दाब मोजणारी उपकरणं. दाब वाढला की इशारा. आवाजाच्या इशाऱ्याकडे लोक दुर्लक्ष करायचे. मग शरीराच्या शाबूत संवेदनेच्या भागाला विजेचा झटका बसेल अशी योजना केली. तर एखादं अवघड काम करायचं असलं की लोक ते उपकरण आधी बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. शेवटी तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. वेदनेची सगळी ताकद तिचं बटण आपल्या हाती नसण्यात आहे. मावशींच्या बाबतीत बंद करता येणार नाही असं काय देता येईल, हा आमच्या पुढच्या सगळ्या चर्चांचा धागा होता.

प्लास्टरने त्याचं अर्धं उत्तर दिलं. ते काढता येत नाही.

दुसरा निर्णय : गावाला काय सांगायचं

प्लास्टर घालून मावशी घरी गेल्या आणि पहिल्याच दिवशी शेजारणींनी विचारलं. मावशींनी सांगितलं, “धुऱ्यावरून पडली, हाड मोडलं.”

त्यानंतर जे झालं ते आम्ही कुणी योजलं नव्हतं. टोळीतल्या बाया भाजी-भाकर घेऊन भेटायला आल्या. मुलाने खाट पडवीत आणली. सुनेने पाणी भरणं स्वतःकडे घेतलं. मोडलेलं हाड सगळ्यांना कळतं. ते दुखत असणार हे गृहीत असतं. होळीपासून उघड्या असलेल्या जखमेने जे मिळवून दिलं नव्हतं ते एका पांढऱ्या प्लास्टरने चार दिवसांत मिळवून दिलं.

आमच्या बैठकीत यावर वाद झाला. समाजसेवक म्हणाले की आपण या खोट्याला धरून राहिलो तर रोगाभोवतीची लाज आपणच पोसतो. त्यांचं म्हणणं मला तत्त्वतः पटत होतं. पण ती लाज झुगारण्याची किंमत मुलीच्या लग्नाच्या रूपात मावशी भरणार होत्या, आम्ही नाही. ठरलं ते असं : आमच्यापैकी कुणी ‘हाड मोडलं’ म्हणणार नाही, गावात कुणी विचारलं तर रुग्णाची माहिती आम्ही देत नाही एवढंच सांगायचं. घरातल्या प्रत्येकाला मात्र, सुनेसकट, खरं काय ते स्पष्ट सांगायचं. सुनेला रोगाचं नाव तोवर माहीत नव्हतं. मावशींची परवानगी मिळवायला वेळ लागला. सांगितल्यावर सून थोडा वेळ गप्प बसली आणि तिने विचारलं, “म्हंजे आता कोनाले होत नाई ना?” नाही, म्हटल्यावर ती उठून चहा टाकायला गेली.

तिसरा निर्णय : रोज पाय कोण बघणार

या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्याचं उत्तर आमच्याकडून आलं नाही.

प्लास्टर कायमचं नसतं. ते निघाल्यावर रोज संध्याकाळी कुणीतरी तळवा बघायला हवा : लाली, फोड, रुतलेला काटा, आणि विशेषतः ऊब. आतून इजा सुरू झालेली जागा फुटायच्या आधी गरम लागते. हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर सारख्या जागी ठेवून बघायची, फरक चांगला कळतो. स्वतः आरशात बघायला आम्ही शिकवतोच, पण ज्या पायाची आठवणच राहत नाही तो रोज वळून बघणं फार कमी लोकांकडून होतं.

आम्हाला वाटलं सून करेल. मावशी म्हणाल्या, सुनेसमोर पाय पसरून बसणं त्यांना जमणार नाही. नात आनंदाने तयार होती, पण ते माझ्या मनाला येईना. एक दिवस विसरली आणि पाय बिघडला तर त्या पोरीने ते ओझं कुठे ठेवायचं?

मावशींचे यजमान तोवर प्रत्येक वेळी दाराशी उभे राहत. या पायाला त्यांनी पंधरा वर्षांत कधी हात लावला नव्हता; राग नव्हता, भीती होती, आणि रोग बरा झाला म्हणजे काय हे त्यांना कुणी बसून सांगितलं नव्हतं. मी ऊब बघायची रीत सुनेला दाखवत होते. ते पुढे आले आणि म्हणाले, “हे त मी रोज करतो जी.”

बैलांचं म्हणत होते. संध्याकाळी जोडी सोडली की ते दोघांच्या खांद्यावरून हात फिरवतात. जू घासून कातडी गरम लागली की दुसऱ्या दिवशी तो बैल जुंपायचा नाही. खुरात काही रुतलंय का तेही बघतात. “बैल सांगते काय कुठी दुखते म्हून? हातानंच पाहा लागते.”

त्यांनी मावशींचा डावा पाय धरला, मग प्लास्टरच्या वरची उजवी पोटरी. हाताची मागची बाजू ठेवली, न सांगता. मी इतक्या वर्षांत शेकडो नातेवाइकांना ही तपासणी शिकवली आहे; इतकी सफाई कुणाच्या हातात पाहिली नव्हती. मावशी मात्र अंग चोरून बसल्या होत्या. “धन्यानं पाय धराव, हे कसं दिसते,” एवढंच म्हणत राहिल्या. त्यावर ते म्हणाले, पोळ्याला बैलाचे पाय धुतो तेव्हा कसं दिसतं?

दिनक्रम ठरला. गाई-बैल बांधले की पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात, मग वजरीने घट्टा हलका घासायचा, ओल्यावरच खोबरेल लावायचं, आणि यजमानांनी हात फिरवायचा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी शेतात जायचं नाही. यावर वाद नाही, अपील नाही. आम्ही शोधत होतो ते न बंद करता येणारं बटण हेच होतं. वेदना त्यांच्या पायात परत आणणं शक्य नव्हतं. थांबायचा हुकूम दुसऱ्या माणसाच्या हातात देणं शक्य होतं.

रात्रीची आग आणि चप्पल

पायातल्या आगीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत सुरू केलं. नसेच्या दुखण्यावर हे जुनं, स्वस्त औषध आहे. दोन-तीन आठवड्यांत मावशी सलग झोपू लागल्या. त्यांना पापाबद्दल काही समजावण्याच्या फंदात मी पडले नाही. नस कशी बिघडते ते सांगितलं, गोळी दिली. काही दिवसांनी त्याच म्हणाल्या की गोळीनं जाते ते पाप कसं असन. वेदनेला अर्थ असतो असं मी म्हणते तेव्हा या आगीला वगळून म्हणते. तिच्यात शिकण्यासारखं, सोसण्यासारखं काही नाही. ती घालवायची असते.

चपलेपाशी मात्र घोडं अडलं. एमसीआरची ठरावीक घडणीची चप्पल या भागात लोक लांबून ओळखतात. मावशींनी ती घेतली, घरी नेली आणि खाटेखाली ठेवली. आमच्या चर्मकार दादांनी मार्ग काढला. बाजारातली, मागे पट्टा असलेली साधी तपकिरी सँडल आणायला सांगितली, तिचा तळ उकलून आत एमसीआरचा थर बसवला आणि कडा अशी शिवली की बाहेरून पत्ता लागू नये. बधिर पायातून पट्ट्याशिवायची चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून मागचा पट्टा हवाच.

पुढे काय झालं

साधारण दोन महिन्यांत, मधे प्लास्टर बदलत, जखम भरली. अंगठा वाचला, थोडा आखूड आणि वर वळलेला. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. मावशी गेल्या. डिसेंबरच्या सुमारास एका संध्याकाळी यजमानांना जुन्या जखमेच्या बाजूला ऊब लागली. कातडी धड होती, लालीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मावशींनी निघायची तयारी केली, आणि घरात मोठं भांडण झालं. वेचणीचा भाव किलोवर असतो. एक दिवस बुडाला की तेवढे पैसे गेले. यजमानांनी सँडल उचलून बैलांच्या गव्हाणीवर ठेवली. चार-पाच दिवसांनी ऊब उतरली. व्रण पडला नाही.

नंतर मावशी तपासणीला आल्या तेव्हा या भांडणाची तक्रार करत होत्या. खूप रागाने. मी ऐकत होते आणि मला मनापासून आनंद होत होता.

मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. सासरच्यांना रोगाबद्दल सांगितलं नाही. तो निर्णय मावशींचा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, पंधरा वर्षांपूर्वी. नसेचं नुकसान ताजं असताना, साधारण सहा महिन्यांच्या आत, प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने संवेदना परत येण्याची बरीच आशा असते. त्यासाठी कोर्स चालू असताना दर महिन्याला हातापायांची संवेदना बॉलपेनच्या टोकाने तपासायला हवी होती. त्यांच्या जुन्या कार्डावर गोळ्यांच्या पाकिटांची नोंद व्यवस्थित होती. नसांची तपासणी एकदाच, सुरुवातीला.

त्यानंतर बाह्यरुग्ण विभागांत दर वेळी त्यांना विचारलं गेलं, “दुखतं का?” त्या नाही म्हणत आणि मलम घेऊन घरी जात. बधिर पायाच्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे आता तो विचारायचाच नाही असं ठरवलं आहे. आधी दोन्ही तळवे वर करून बघायचे, मग बोलायचं.

पैशांचा विचार आम्ही उशिरा केला. प्लास्टरच्या दोन महिन्यांत निंदणाची सगळी मजुरी गेली, आणि मुलाने त्यासाठी उसनवारी केली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे, संजय गांधी निराधार योजनेतही या रुग्णांना अर्ज करता येतो. प्रमाणपत्रावर रोगाचं नाव येतं म्हणून मावशींनी आधी नकार दिला होता, पण हे बोलणं दाखल होतानाच सुरू केलं असतं तर त्यांना विचाराला वेळ मिळाला असता.

सुनेशीही पहिल्या दिवसापासून बोलायला हवं होतं. तिला कळल्यावर तिने घरातलं काम ज्या सहजतेने उचललं, ते बघता तिला अंधारात ठेवून सगळ्यांनीच स्वतःचं नुकसान करून घेतलं. आणि यजमानांना दाराबाहेर उभं राहू देणं हे तर आमच्याकडे सवयीचंच झालं आहे. नवरा असला की तो कागदांवर सही करायला आणि गाडी आणायला, पायाशी बसणार ती बाई, हे आम्ही न बोलता धरून चालतो. आता पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्यांना विचारते, जनावरं कोण बघतं.

गेल्या तपासणीत डाव्या पायाच्या तळव्यावर दोन जागी संवेदना कमी आढळली. ती जुनीच असावी, स्टिरॉइडचा उपयोग होण्यासारखी नाही, म्हणून आता दोन्ही सँडलमध्ये एमसीआर घातलं आहे. यजमानांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली : मावशींच्या उजव्या करंगळीवर चुलीच्या चटक्याचा फोड, त्यांना न कळलेला. कोपराजवळची नस तपासली, ती जाड लागली. सांडशीला लाकडी मूठ बसवून दिली, तवा फडक्याने धरायचा नाही असं सुनेलाही सांगितलं, आणि हातांची तपासणी संध्याकाळच्या यादीत घातली.